काठापलीकडचे पाणी

लोणारच्या विवराच्या रक्षणासाठी गेल्या पंचवीस वर्षांत जेवढ्या अधिसूचना निघाल्या, जेवढ्या समित्या बसल्या आणि जेवढे कागद एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात गेले, तेवढे भाग्य महाराष्ट्रातील दुसऱ्या एखाद्या लहानशा जलाशयाच्या वाट्याला आले असेल असे वाटत नाही. २००० साली येथील सुमारे ३६५ हेक्टर क्षेत्र वन्यजीव अभयारण्य म्हणून जाहीर झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर करारान्वये या पाणथळीला आंतरराष्ट्रीय मान्यता लाभली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जनहित याचिकांच्या निमित्ताने वर्षानुवर्षे या सरोवराची विचारपूस केली. आणि २०२२ साली राज्य शासनाने सुमारे ३७० कोटी रुपयांचा विकास आराखडा मंजूर केला. हा सर्व बंदोबस्त आवश्यक होता, आणि ज्यांनी त्यासाठी न्यायालयाचे उंबरठे झिजवले त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु या बंदोबस्ताची हद्द विवराच्या काठाशी, फार तर काठाच्या अवतीभवती, संपते, आणि ज्या पाण्यावर सरोवर जगते ते पाणी त्या हद्दीच्या पलीकडे, सोयाबीन-तुरीच्या शिवाराखाली आणि लोणार गावातील घरांच्या पायाखाली, कोणाच्याही देखरेखीवाचून पडलेले आहे. त्या पाण्याची राखण कोणी करावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम जागेचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. सुमारे १८३० मीटर व्यासाचे आणि काठापासून दीडशे मीटरांच्या आसपास खोल असे हे विवर उल्कापाताने दख्खनच्या काळ्या पाषाणात पडले, हे १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानंतर शास्त्रज्ञांनी मान्य केले आहे. ते बावन्न हजार वर्षांपूर्वी पडले की पावणेसहा लाख, या वादात आपणास पडण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, त्या आघाताने जमिनीचा एक उभा छेद कायमचा उघडा पडला. विवराच्या उताराने खाली उतरताना लाव्हाचे थर उतरंडीसारखे एकावर एक रचलेले दिसतात: वर मुरूम, मग बारीक छिद्रांनी भरलेला आणि पाणी धरून ठेवणारा तो खडक, ज्याला विहिरी खोदणारे लोक मांजऱ्या म्हणतात, त्याखाली भेगांवाचून पाणी पुढे जाऊ न देणारा अखंड काळा पाषाण, आणि पुन्हा खालच्या थराचा मांजऱ्या. आपल्या विहिरीच्या पोटात काय आहे हे शेतकऱ्याला एरवी कधीच समग्र दिसत नाही. पाणाड्याच्या हातातील नारळावर किंवा बोअर मारणाऱ्याच्या अंदाजावर त्याला विसंबावे लागते. लोणारला ते निसर्गाने उघडे करून ठेवले आहे.

या छेदातूनच ती प्रसिद्ध धार निघते. ईशान्येच्या काठाजवळ, देवळांच्या दाटीत, गोमुखातून पाण्याची संततधार कुंडात पडत असते, भाविक तिच्याखाली उभे राहून स्नान करतात, आणि ओसंडलेले पाणी ओघळीने उतरत जाऊन अखेर सरोवराच्या खाऱ्या पाण्याला मिळते. धार बारमाही वाहते याचे श्रेय भाविक तीर्थमाहात्म्याला देतात. त्यांच्या श्रद्धेला बाध न आणता असे म्हणता येईल की, त्या माहात्म्याचा एक मोठा वाटा काठापलीकडच्या शेतांत मुरलेल्या पावसाचा आहे. विवराचा काठ भोवतालच्या जमिनीहून उंच उचललेला असल्यामुळे बाहेरचे वाहते पाणी धारेच्या ओघळीखेरीज सहसा आत येत नाही. काठाच्या आत पडणारा पाऊस म्हणावा, तर ते क्षेत्र अवघे अडीच-पावणेतीन चौरस किलोमीटर. विदर्भाच्या उन्हाळ्यात सरोवराच्या पृष्ठभागावरून जेवढे पाणी वाफ होऊन जाते त्याची भरपाई एवढ्यावर होणे शक्य नाही. उरलेली भरपाई होते ती थरांच्या सांध्यांतून पाझरणाऱ्या झऱ्यांनी, म्हणजेच भूजलाने.

आणि या सरोवराला बाहेर जाण्याची वाट नाही. जे पाणी आत आले ते केवळ उन्हानेच बाहेर पडते; क्षार मात्र मागे राहतात. हजारो वर्षांच्या या व्यवहारातून ते अतिक्षारीय पाणी सिद्ध झाले, ज्यातून निघणाऱ्या क्षारावर, काच आणि साबण यांच्या या कच्च्या मालावर, सरकारजमा महसूल होत असल्याची नोंद अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत करून ठेवली आहे. त्याच नोंदीत खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या शेजाराचाही उल्लेख आहे, ही गोष्ट मला विशेष वाटते. तो शेजार आजही पाहता येतो. तळाशी, कमळजादेवीच्या देवळासमोर, सासू-सुनेची विहीर म्हणून एक विहीर आहे. तिच्या एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारे, असे लोक सांगतात. सरोवर भरले की ही विहीर पाण्याखाली जाते, आणि सरोवर ओसरले की तिचे तोंड पुन्हा उघडे पडते. खाऱ्या पाण्याच्या अगदी काठाला गोडा झरा असावा, ही भूजलाची सही आहे. एवढी ढळढळीत सही असताना, सरोवर हा एक स्वतंत्र, कुंपण घालून राखता येण्याजोगा पदार्थ आहे, अशी समजूत आपण कशी करून घेतली हे कळत नाही.

या समजुतीचे परिणाम मागील काही वर्षांत दोन्ही बाजूंनी दिसले. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि देशभरची वर्तमानपत्रे लोणारकडे धावली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले की, क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा हा परिणाम आहे. पाणी उतरले, क्षार दाटले आणि त्या जीवांना रान मोकळे मिळाले. त्या वेळी सर्वत्र एकच हाकाटी झाली, की सरोवर आटते आहे, भोवतालच्या बोअरनी त्याचा घास घेतला. पुढे चार-पाच वर्षांत पारडे उलटले. पाणी चढू लागले, चढता चढता कमळजादेवीच्या देवळात शिरले, खारेपणा पातळ झाल्याची आणि जिथे मासा जगूच नये त्या पाण्यात मासे दिसल्याची वार्ता आली, आणि मग दुसरी हाकाटी सुरू झाली, की सरोवर बुडते आहे. एकाच जलाशयासाठी एकाच दशकात या दोन परस्परविरुद्ध चिंता कराव्या लागाव्यात, यातच आपल्या अज्ञानाचे माप आहे. काठापलीकडच्या विहिरींची पातळी दर महिन्याला कोणी लिहून ठेवली असती, तर दोन्ही वेळा कारणाचा शोध वर्तमानपत्रांतून करण्याची पाळी आली नसती.

येथे जलसंधारणाच्या आपल्या रूढ कल्पनेलाच एक प्रश्न विचारावा लागतो. १९७२ च्या दुष्काळापासून महाराष्ट्राने पाणी अडवणे आणि जिरवणे हा जवळजवळ धर्म मानला आहे, आणि लोणार ज्यात येते तो बुलढाणा जिल्हा त्या धर्मात मागे नाही: महामार्गाच्या भरावासाठी लागणारी माती आणि मुरूम तलाव-नाल्यांतून काढून एका खर्चात रस्ता आणि जलसाठा अशी दोन कामे साधण्याची रीत बुलढाणा पॅटर्न म्हणून देशभर सांगितली गेली, आणि भारतीय जैन संघटनेने २०१८ मध्ये याच जिल्ह्यात यंत्रे लावून जुने जलसाठे गाळमुक्त करण्याची मोठी मोहीम चालवली. ही कामे चांगली आहेत. पण अडवलेल्या पाण्याचे छायाचित्र काढता येते, उपशाचे काढता येत नाही. म्हणून आपला सारा उत्साह जमेच्या बाजूला लागतो आणि खर्चाची बाजू कोरी राहते. लोणारला तर नुसती जमा वाढवणे हेही निर्धोक नाही. या सरोवराला अधिक पाणी नको आहे आणि उणेही नको आहे. त्याला हवे आहे त्याच्या सवयीचे पाणी. म्हणजे येथे संवर्धन याचा अर्थ हिशेब ठेवणे आणि त्या हिशेबाप्रमाणे एकमेकांत करार करणे असाच करावा लागतो, आणि माझे म्हणणे असे की, हा हिशेब आणि हा करार सरकार करू शकणार नाही. ज्यांच्या विहिरी त्या पाण्यात उतरल्या आहेत त्यांनाच तो करावा लागेल.

सरकार का करू शकणार नाही, याचे उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने, निश्चित प्रवाहात न वाहणारे भूगर्भातील पाणी आपल्या जमिनीच्या हद्दीत गोळा करून त्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क जमीनमालकाला बहाल केला. ज्या काळी मोटेने पाणी काढत आणि बैलांचा दम हीच उपशाची सीमा होती, त्या काळी या हक्काने कोणाचे फारसे बिघडले नाही. पुढे वीज आली, पाणबुडी पंप आला, दोन-तीनशे फूट भोक एका रात्रीत पाडणारी गाडी आली, आणि हक्क मात्र तोच राहिला. आपल्या सातबाऱ्यावर विहिरीची नोंद लागते, झाडांची लागते, पोटखराब्याची लागते. पाण्याची लागत नाही. महाराष्ट्राने १९९३ साली कायदा करून पिण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून पाचशे मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन घातले. त्याहून व्यापक असा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ साली अमलात आला, त्यात साठ मीटरांहून खोल विहिरी शेती वा उद्योगासाठी घेण्यास मनाई आली आणि पाणलोट क्षेत्रनिहाय समित्यांची तरतूद आली. त्याच्या नियमांचा मसुदा लोकांपुढे यायला २०१८ साल उजाडले. यातील एकही कलम वाईट नाही. परंतु ज्या तलाठ्याकडे चार-पाच गावांचे दप्तर आहे त्याने रात्री बाराला कोणाच्या शेतात बोअरची गाडी घरघरते याचा पत्ता ठेवावा, ही अपेक्षा करणाऱ्याने तलाठी पाहिलेला नसावा. शेजाऱ्याला मात्र तो पत्ता असतो. तो बोलत नाही याचे कारण इतकेच की, उद्या त्याला स्वतःलाही गाडी बोलवायची आहे.

पूर्वी खर्च हा तरी एक लगाम होता. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात वीज मोफत झाली, आणि सौरपंपाला तर बिलच नाही. कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्याला, आणि बुलढाणा हा पश्चिम विदर्भातील आत्महत्याग्रस्त म्हणून गणलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे, ही सवलत नाकारण्याची भाषा शहरात बसून कोणी करू नये. पण उपशाच्या वाटेत आता ना कायदा उभा आहे ना किंमत. तेव्हा तिसरा एखादा लगाम शोधणे भाग आहे, आणि तो गावाच्या आपसांतील शब्दाखेरीज दुसरा दिसत नाही.

हिशेब म्हणजे काय, तेही पाहू. कारण तो अवघड आहे ही समजूतही पुसली पाहिजे. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर दहा हजार लिटर पाणी टाकतो. सातशे मिलिमीटर पाऊस झाला तर हेक्टरी सत्तर लाख लिटर. काळ्या पाषाणाच्या प्रदेशात त्यातला ढोबळमानाने दहावा हिस्सा, म्हणजे सात लाख लिटर, खाली मुरतो. आणि मुरले तरी साठवायला जागा अशी की खडकाच्या आकारमानाच्या शेकडा एक ते तीन एवढीच. आता रब्बीचा एक हेक्टर गहू विहिरीच्या पाण्यावर काढायचा तर चाळीस लाख लिटरांच्या घरात पाणी लागते. म्हणजे एका हेक्टरच्या गव्हाने पाच-सहा हेक्टरांत मुरलेला पाऊस संपवला. दोन हजार वस्तीच्या गावाला माणशी रोज पंचावन्न लिटर पिण्यावापरण्याला धरले तर वर्षाला चार कोटी लिटर लागतात. तेवढे पाणी दहा हेक्टर गहू पिऊन टाकतो. त्याच जागी हरभरा घेतला तर दोन पाण्यांवर भागते. हे आकडे स्थूल आहेत, आणि प्रत्येक शिवाराचे आकडे त्या शिवारातच काढले पाहिजेत; पण त्यासाठी लागते ते एक पर्जन्यमापक, एक मोजपट्टी आणि एक वही. दसऱ्यानंतर विहिरीची पातळी पाहून रब्बीचे पीक ठरवणारे शेतकरी आजही आहेत. प्रत्येकजण आपापल्या विहिरीपुरते ते ठरवतो, एवढाच त्यातला दोष.

हे सामूहिक रीतीने होऊ शकते याला महाराष्ट्रातच दाखले आहेत. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावात जी पाणी पंचायत उभी केली तिने एक मूलगामी गोष्ट सांगितली: पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या प्रमाणात द्यावा, भूमिहीनालाही तो मिळावा, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाऊ नये, आणि उसासारखे पीक घेऊ नये. १८८२ च्या कायद्याचा याहून स्वच्छ प्रतिवाद माझ्या पाहण्यात नाही. साळुंखे २००२ साली गेले. त्यांच्या योजनांची पुढे व्हावी तशी वाढ झाली नाही, पण तो विचार जुना झालेला नाही. दुसरा दाखला हिवरे बाजारचा. तेथे पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने शेतीसाठी बोअर घेणे बंद केले, ऊस-केळी वर्ज्य केली, आणि पावसाचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून रब्बीचे पीक ठरवण्याची वहिवाट पाडली. हिवरे बाजारची वाखाणणी इतकी झाली आहे की, तेथे जाऊन आलेले लोक पोपटरावांचे गुणगान घेऊन परततात आणि ताळेबंदाची वही तेथेच विसरून येतात. प्रत्येक गावाला पोपटराव मिळणार नाहीत. वही मिळू शकते.

दूरचा दाखला हवा असेल तर तोही आहे. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्यांना मिळाले त्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या प्रबंधाचा विषयच लॉस एंजेलिसजवळच्या एका भूजलक्षेत्राचा होता. तेथे अतिउपशामुळे समुद्राचे खारे पाणी गोड्या पाण्यात शिरू लागले होते, आणि उपसा करणारे सगळे एकमेकांकडे बोट दाखवत होते. त्यांनी अखेर आपली संघटना केली, मोजणी करवली, एकमेकांच्या उपशाचे आकडे उघड केले, न्यायालयाच्या साक्षीने वाटे ठरवले आणि मापे वाचायला एक तटस्थ मनुष्य नेमला. यात कोणाचे हृदयपरिवर्तन झाले नाही. शेजारी किती उपसतो हे प्रत्येकाला कळू लागले, म्हणजे आपण एकट्यानेच आवरते घेतले तर मूर्ख ठरू ही भीती गेली. समाजाच्या विश्वस्तवृत्तीविषयी आपल्याकडे जे भावविवश लिहिले जाते त्यापेक्षा हा अनुभव मला अधिक उपयोगाचा वाटतो.

एक आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. गाव म्हणजे एकजीव वस्तू नव्हे. ज्याच्याकडे मोठी विहीर आणि मोठा पंप तोच समितीत बसेल, त्याच्याच सोयीचा ठराव होईल, आणि ज्याचा आड उन्हाळ्यात प्रथम आटतो त्या कोरडवाहू शेतकऱ्याला किंवा हांडा घेऊन फिरणाऱ्या बाईला कोणी विचारणार नाही, ही शंका महाराष्ट्रातील सहकाराचा इतिहास जाणणाऱ्याला येणारच. यावर उपाय समिती न नेमणे हा नाही. पिण्याचे पाणी सर्वांआधी बाजूला काढून ठेवणे, मगच वाटणीची भाषा करणे, आणि विहिरींच्या पातळीचे आकडे समितीच्या कपाटात न ठेवता चावडीच्या भिंतीवर रंगवणे, हा आहे. भिंतीवरचा आकडा दांडग्यालाही पुसता येत नाही असे मी म्हणणार नाही. पण पुसताना तो दिसतो.

जिल्ह्याच्याच दुसऱ्या भागाकडे पाहिले तर ही तातडी अधिक कळेल. घाटाखाली, पूर्णेच्या काठच्या गावांत, खारपाणपट्टा पसरला आहे. तेथे विहीर खोदली तरी जमिनीत खारेच पाणी लागते, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक गोड्या पाण्यासाठी दूरच्या उद्भवांकडे पाहत आले. त्यांना निसर्गाने निवड दिली नाही. घाटावरच्या लोणार तालुक्याच्या पायाखाली गोडे पाणी आहे, थोडे आहे, दरवर्षी बहुतांशी नव्याने भरते, आणि ते बिघडवण्याचे सामर्थ्य आपल्या हाती आहे. लोणार गावाचे सांडपाणी दीर्घकाळ विवराकडे जात राहिले आणि ते थांबवण्यासाठी न्यायालयात दाद मागावी लागली. जे सांडपाणी उघड्या ओघळीने जाते ते निदान डोळ्यांना दिसते, शोषखड्ड्यांतून आणि खतांनी भारलेल्या शेतांतून जे खाली झिरपते त्याची फिर्याद कोणी करीत नाही.

तेव्हा करावयाचे काय ते सांगून हा लेख आटोपतो. विवराच्या भोवतालच्या गावांनी आणि लोणार नगरपरिषदेने, पाणी ज्या खडकातून वाहते त्याची हद्द भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून आखून घ्यावी. त्या हद्दीतील प्रत्येक विहिरीची आणि बोअरची, मालकाच्या नावासह आणि खोलीसह, खानेसुमारी व्हावी. काही ठरावीक विहिरींची आणि धारेच्या प्रवाहाची मोजणी शाळांमधील मुलांनी दर महिन्याला करावी आणि सरोवराच्या पातळीशेजारी ती मांडावी. आणि या सर्व गावांची संयुक्त सभा दरवर्षी पाऊस संपताच, गव्हाची पेरणी होण्याआधी, भरावी. अभयारण्याच्या, रामसरच्या आणि कोट्यवधींच्या आराखड्याच्या निधीतला फार लहान हिस्सा याला पुरेल. २०१९ च्या डिसेंबरात केंद्राने सुरू केलेल्या अटल भूजल योजनेत बुलढाणा जिल्ह्याचा समावेश होता, आणि पाण्याचा ताळेबंद गावाने मांडावा हे त्या योजनेतच लिहिलेले आहे. म्हणजे नवी सनद मागायची आवश्यकता नाही. २००९ च्या कायद्याखालच्या समितीची वाट पाहण्याचेही कारण नाही, कारण आपल्या शिवारात नवे खोल बोअर घेऊ नये असा ठराव करण्यास ग्रामसभेला आजही कोणी अडवलेले नाही. लोणार तालुक्यातील ज्या वाचकाच्या शेतात विहीर आहे त्याने येत्या कोजागिरीच्या सुमारास तिची पातळी मोजून तारखेसह लिहून ठेवावी, आणि शेजाऱ्यालाही त्याच्या विहिरीचा आकडा विचारावा.